वासराच्या भावात मेंढी

मला वाचता येत नाही. कातडं येतं.
बोटाखालून सरकलं की कळतं,
इथे गोमाशी चावली होती, इथे काटेरी कुंपण,
इथे एका हिवाळ्यात चारा कमी पडला.
सुईच्या टोकाएवढा जुना व्रण
चौकटीवर दोऱ्या आवळत गेलं की
डोळ्याएवढा उघडतो.
बाप म्हणायचा, हाविस, ताण हळू दे.
निर्दोष कातडं नसतंच,
काही फक्त अजून सैल असतात.

लिंकनच्या उताराखाली, विदमच्या काठी
आमचा चुन्याचा हौद.
टेकडीवर कॅथीड्रल, खाली आम्ही;
घंटा खाली यायची, वास वर जायचा.
त्या वासातून, नाकाला बाही लावून,
थर्स्टन लेखनिक उतरून आला
मायकेलमसच्या आठवड्यात.
कुणा सरदाराच्या विधवेला काव्य नकलून हवं होतं:
नवरा युद्धावर, बायको गढीत,
सात वर्षं, सात मोह,
आणि ती एकदाही ढळत नाही.
"अशा बाईसाठी वासराचंच हवं," तो म्हणाला.
"बिनडागाचं."

मी मेंढीचं दिलं.
खडूची पूड चोळून, प्युमिसने घासून,
वासराच्या भावात.
बाप अंथरुणाला खिळलेला, चुना उधारीचा,
आणि थर्स्टनचे डोळे
कातड्यावर नव्हतेच.

मग तो येतच राहिला. ओळी म्हणून दाखवायचा.
"यमक नको हिला," सांगायचा,
"एकाच ध्वनीने दारावर तीनदा टकटक करायची,
मग ओळ उघडते."
शांत ती, शुभ्र ती, शब्दाला शरण ती...
मी विचारलं,
सात वर्षांत तिला साधी सर्दीही झाली नाही?
तो हसला. हसताना त्याचा एक दात काळा दिसे.
खडूच्या तुकड्याने माझ्या तळहातावर
एक अक्षर काढलं, पाठ असलेल्या खुर्चीसारखं.
"ही तू. पुढचं नंतर शिकवीन."

नंतर म्हणजे वसंतात त्याला दीक्षा मिळाली.
अर्ज त्याने
माझ्या दारात येण्याआधीच केला होता,
हे मला पाववालीने सांगितलं, सुटे पैसे मोजता मोजता.
मी त्या दिवशी अकरा कातडी खरवडली.
बाराव्याला भोक पाडलं.

एकतीस वर्षं.
विधवा गेली, तिची सून गेली,
पुस्तक उंदरांनी कोपरे कुरतडल्यावर
दुरुस्तीला माझ्याकडे आलं.
मी नखानेच ओळखलं, मेंढी.
माझी मेंढी.

हेमोला, माझ्या शिकाऊ पोराला, अक्षरं येतात.
तो पान खिडकीशी धरून म्हणाला,
"म्हातारे, इथे कुणीतरी खरवडलंय.
बाईसाहेबांचं नाव वरून घातलंय, घाईघाईत.
खाली दुसरंच होतं."

वासरू असतं तर चाकूने सगळं पुसलं असतं,
वर खडू, वर शाई, कुणाला काही कळलं नसतं.
मेंढी पुसू देत नाही. तिचे पदर सुटतात.
म्हणून तर जमिनीचे करार
शहाणे लोक मेंढीवर लिहितात.

"काय होतं खाली?"
"बाकी गेलंय. पहिलं तेवढं उमटलंय.
पाठवाल्या खुर्चीसारखं काहीतरी."

दर उपवासकाळात मी गुडघे टेकून सगळं सांगितलंय,
रागराग, चहाडी, शुक्रवारी खाल्लेलं मांस.
ही मेंढी तेवढी राहून जायची,
दरवर्षी, अगदी ओठांवर येऊन.
आता सांगायला गेले
तर पाद्री विचारणार, पश्चात्ताप होतो का?
कालपर्यंत होत होता.

हेमोने प्युमिस उचलला.
म्हटलं, ठेव तो.
पदर सुटलाय तिथे गोंद लाव, अगदी पातळ.
घासू नकोस.